खुर्चीवर बसलेली जाऊ

वेल्ह्याच्या सभेपर्यंत बनाबाईला आपल्या जावेचा कधी राग आला नव्हता. येण्याचं कारणही नव्हतं. घरातली थोरली सून बनाबाईच. तिचा नवरा रखमाजी वाडीतला जाणता माणूस. बांधाचं भांडण असो की सोयरिकीची बोलणी, लोक त्याच्या ओट्यावर येऊन बसत. धाकटा दीर मानसिंग कशातच नव्हता. तो बेळगावला जाऊन पलटणीत भरती झाला, तेव्हा त्याच्या रडणाऱ्या बायकोला, ठकुबाईला, बनाबाईनंच जवळ घेतलं होतं, आणि ते मनापासून.

सभा जर्मनीशी चाललेल्या लढाईच्या मदतीसाठी होती. भोर संस्थान इंग्रजांच्या बाजूनं उभं होतं आणि माणसं, धान्य, वर्गणी, जे मिळेल ते गोळा चाललं होतं. भोरहून अंमलदार आले होते. भाषणं झाली, आणि मग ज्यांची माणसं आघाडीवर गेली होती त्या बायकांना पुढं बोलावून खुर्च्यांवर बसवलं. एका अंमलदाराच्या पत्नीनं ठकुबाईची ओटी भरली, लुगडं दिलं. बनाबाई खाली बायकांच्या घोळक्यात होती. ठकुबाई खुर्चीच्या कडेला कशीबशी टेकली होती आणि तिची नजर गर्दीत जावेलाच शोधत होती. बनाबाईनं मान वळवली.

त्यानंतर एकेक गोष्ट खुपायला लागली. बाजारात घासलेट मिळेनासं झालं, साखर दिसेनाशी झाली. ठकुबाईला मात्र शिपायाची बायको म्हणून दोन्ही मिळायचं. ती ते आणून मुकाट्यानं थोरलीच्या पुढ्यात ठेवायची. तिनं लपवून ठेवलं असतं, तोरा मिरवला असता, तर बनाबाईला भांडता तरी आलं असतं. पाटलाची फुलाबाई पूर्वी हळदीकुंकवाला बनाबाईला आधी बोलवायची. आता ती दारात येऊन पहिल्यांदा विचारायची, "ठकुबाई कुठं हायती?"

रखमाजी सरकारी कोठारात भात घालायला भोरला जायचा, तिथं रघुवीर वकिलांशी त्याची ओळख झाली होती. वकील रयतेच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या प्रजापरिषदेचं काम करायचे. ते म्हणायचे, लढाई कुठली तरी समुद्रापलीकडची, तिच्यासाठी इथली पोरं जातात, इथलं भात जातं, पण कारभारात रयतेला विचारतात ते नावापुरतं. संस्थानाची दोस्ती इंग्रजाशी आहे. मग रयतेचा दोस्त कोण? रखमाजीला ते पटायचं. पण भाऊ त्याच इंग्रजाच्या पलटणीत, म्हणून तो ऐकून घ्यायचा आणि गप्प परतायचा.

बनाबाईला त्या राजकारणातलं फारसं कळत नव्हतं. वकिलांची सभा भरते, तिथं लोक जमतात, हार घालतात, एवढं तिला कळलं होतं. एकदा नवऱ्याला वाढताना ती म्हणाली, "धाकल्याचं नाव भोरापतुर गेलं. तुमचं ह्या ओट्याखाली उतरंना."

रखमाजीनं पुढचा घास घेतला. पण ते बोलणं त्याला लागलं.

त्या पावसाळ्यात तोब्रुक पडल्याची बातमी आली. हे तोब्रुक कुठं आहे ते शाळेच्या मास्तरांनी नकाशावर दाखवलं, तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मागाहून कळलं की मानसिंगची पलटणच्या पलटण शत्रूनं धरली. तो इटलीवाल्यांच्या कैदेत आहे, जिवंत आहे. साऱ्या वाडीनं ठकुबाईला डोक्यावर घेतलं. कुणी दूध आणून दिलं, कुणी देवाला नारळ बोलला. बनाबाईही तिच्याजवळ बसून राहायची, तिला जेवायला लावायची. आणि येणारा जाणारा फक्त ठकुबाईशीच बोलतो हे मनात टिपत राहायची. दीर कैदेत पडला असताना आपल्याला असं वाटावं, याची तिला शरम वाटे. पण शरमेनं ते कमी होत नव्हतं.

दसऱ्यानंतर वेल्ह्याच्या बाजारात रखमाजी एका दगडावर उभा राहिला आणि बोलला. भाऊ दिला, आता भात देणार नाही. आधी कारभारात आमचा शब्द चालू द्या, असं तो म्हणाला. तसं काही करायचं त्याच्या मनात आधीच किती होतं आणि बायकोच्या बोलण्यानं किती आलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तो घरी पोचण्याआधीच पोलीस दारात येऊन बसले होते. त्याला भोरच्या तुरुंगात नेलं.

मग मात्र बनाबाईचे दिवस आले. खुद्द रघुवीर वकील वाडीवर आले. ओट्यावर माणसं मावेनात. वकिलांनी तिच्या गळ्यात सुताचा हार घातला आणि ही माउली धन्य आहे, असं सगळ्यांसमोर म्हणाले. बनाबाईनं हळूच मागं पाहिलं. ठकुबाई दाराआड उभी होती आणि डोळे पुसत होती. पण ते डोळे थोरल्या दिरासाठी भरले होते, त्यात हेव्याचा मागमूस नव्हता. बनाबाईचा आनंद तिथंच विरला.

थंडीत शिपायांच्या कुटुंबांची चौकशी करणारा एक अंमलदार वाडीवर आला. लोकांसमोर त्यानं ठकुबाईला समजावून सांगितलं. ज्या घरातला माणूस सरकारविरुद्ध उभा राहतो, त्या घराला सवलती कशा द्यायच्या? पण तुमची चूल वेगळी आहे, थोरल्या दिराशी संबंध नाही, एवढं सांगितलंत तर काही अडचण येणार नाही. शेजारच्यांनीही खुणा केल्या, की बाई, हो म्हण. बनाबाई जात्याजवळ बसून ऐकत होती. तिला वाटलं, ही हो म्हणेल. आणि खरं सांगायचं तर तिनं हो म्हणावं, असं तिला आतून वाटत होतं. मग एकदाचं जावेला वाईट म्हणता आलं असतं.

ठकुबाईनं पदर नीट केला. "सायेब, माझा मालक तिकडं कैदेत हाय आन् दादा हितं. चूल एकच हाय आमची. ती मी कशी मोडू?"

सवलती बंद झाल्या. घरात पणती लवकर विझायला लागली. ठकुबाईचं बोलणं मात्र पार नसरापूरपर्यंत पोचलं. पुढल्या खेपेला वकील आले तेव्हा त्यांनी आधी तिला नमस्कार केला. रखमाजी वर्षभरानं सुटून आला, वाळला होता. ओट्यावर पाय ठेवायच्या आधी त्यानंही भावजयीपुढं हात जोडले. बनाबाईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं जरा जोरातच ठेवला.

इटलीनं तोवर बाजू बदलली होती. कालचा वैरी आज इंग्रजांचा दोस्त झाला म्हणे. मग मानसिंगला सोडलं असेल, असं लोक म्हणायचे, पण त्याची खबरच बंद झाली. ठकुबाई दिवसेंदिवस बोलेनाशी झाली. लढाई संपत आली तेव्हा कुठं तो एका दुपारी भाटघरच्या वाटेनं चालत आला.

घर भरून गेलं. तो सांगत होता. इटलीनं हात टेकल्यावर छावणीवरचे पहारेकरी पळाले. जर्मन ताबा घ्यायला यायच्या आत हे चौघे-पाचजण डोंगरात शिरले. एका शेतकरी बाईनं त्याला मेंढ्यांच्या गोठ्यात लपवलं, बर्फात, सगळा हिवाळा. जर्मन झडतीला आले तेव्हा तिनं त्याच्यावर गवत लोटलं आणि आपण वर बसून राहिली. लुचिया तिचं नाव. ते नाव उच्चारताना त्याचा आवाज बारीक झाला.

"म्हातारी हुती का?" ठकुबाईनं विचारलं.

"न्हाई," मानसिंग म्हणाला. "तिचा मालक रशियाच्या आघाडीवर मेला हुता." मग तो पुढचं सांगू लागला.

थोड्या वेळानं बनाबाई परसात गेली. ठकुबाई तिथं घासलेलं पातेलंच पुन्हा घासत होती. तिच्या तोंडावर काय आहे ते बनाबाईला लगेच ओळखू आलं. क्षणभर तिला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत हिलाही एकदा हे कळलं. मग ती खाली बसली आणि तिनं जावेच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

"आक्का, ती नसती तर हे वाचलं नसतं," ठकुबाई म्हणाली. "मला कळतंय समदं. तिला देवाजागी मानावी. तरी आतून..."

"तरी जळतं," बनाबाई म्हणाली. "व्हय. कळून बी जळतं."

ठकुबाईनं तिच्याकडं पाहिलं. हे तुम्हाला कसं ठाऊक, असं ती विचारेल असं बनाबाईला वाटलं. पण तिनं थोरलीच्या खांद्याला डोकं टेकवलं. आतून मानसिंगचा आवाज येत होता. तिकडं मक्याचं पीठ कसं शिजवतात ते तो सांगत होता, आणि माणसं हसत होती. बनाबाई जावेच्या पाठीवर हात फिरवत बसली. दोघींना आत जायची घाई नव्हती.