घोंगडी आणि घाबरलेले उंदीर

उघड्या जागेच्या भीतीचं जनुक काढून टाकलेले माझे उंदीर मोकळ्या पेटीत मधोमध हिंडायला हवे होते. पण बारामतीच्या प्रयोगशाळेत तीन दिवस ते कोपऱ्यातच थिजून बसले. दोन वर्षांची मेहनत मातीत! वैतागून मी पळसदेवला आईला फोन केला.

"स्वराली, तितल्या एसीत मी दिलेली घोंगडी पांघरतीस नव्हं?"

"रोज. त्याचं काय?"

"धुऊन घे बाई. आपली मांजर तिच्यातच व्याली हुती."

मी आधी ओरडले, मग हसतच सुटले. उंदरांना माझ्या अंगाला मांजराचा वास येत होता!

दुसऱ्या दिवशी घोंगडी खोलीवर ठेवून, चोळून आंघोळ करून गेले. पहिलाच उंदीर पेटीच्या मधोमध जाऊन निवांत मिशा साफ करत बसला.

एसीत माझे दात वाजत होते, आणि मी हसत होते.