डीची रेघ

"आता अजून काय बघायचं राहिलंय, बाई?" तरुण डॉक्टरांनी जांभई दाबली. "हाडांच्या मगजात कॅन्सरच्या पेशी सापडल्यात. मायलोमाच आहे. लिहून टाका आणि मोकळ्या व्हा."

"कुठल्या प्रकारचा, ते नको लिहायला?" म्हणत बाईंनी रक्त तपासलेली पट्टी पुन्हा उजेडात धरली.

एकतीस वर्षं लॅबमध्ये रक्तातली प्रथिनं तपासून बाईंचे डोळे आणि कंबर दोन्ही कामातून गेले होते. पट्टीवर प्रत्येक प्रथिनाची वेगळी रांग असते; त्यातल्या लॅम्डाच्या रांगेत बारीकशी रेघ होती. तिची जोडीदारीण जी, ए किंवा एम या नेहमीच्या प्रकारांच्या रांगेत दिसायला हवी, तर त्या तिन्ही कोऱ्या. डी हा चौथा प्रकार सहसा कुणी तपासतच नाही. शंभरात एखादाच तसा निघतो. बाईंनी मात्र तो तपासायच्या द्रावणाची बाटली दुसऱ्या लॅबकडून मागून आणली होती. हे रक्त ज्या ड्रायव्हरचं होतं, त्याचे आधीचे दोन रिपोर्ट 'दोष नाही' म्हणून त्यांच्याच सहीने गेले होते. रेघ तेव्हाही असणार. दिवसाला साठ पट्ट्या बघताना ती निसटली, आणि तेच रिपोर्ट दाखवून ऑफिसने पाठ दुखते म्हणून त्याने मागितलेली रजा नाकारली होती.

तासाभराने नव्या पट्टीवर डीच्या रांगेत रेघ उमटली.

"कमाल केलीत, बाई! मी हे फक्त पुस्तकात वाचलंय." डॉक्टर मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. बाईंना आनंद म्हणून झाला नाही.

"आधीचे दोन माझ्याकडून चुकलेत," त्या म्हणाल्या. "तेही लिहा."

बाहेर बाकावर ड्रायव्हर वाकून बसला होता, शेजारी बायको फाइल घेऊन. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: हाडांच्या मगजाचा कॅन्सर, त्यातला क्वचित होणारा प्रकार, जरा चिवट, उपचार लगेच सुरू करायला हवेत.

"म्हणजे आहे ना काहीतरी?" ड्रायव्हरने विचारलं. "तसं कागदावर द्याल ना, साहेब? ऑफिसात सगळे कामचुकार म्हणतात मला."

"दिलंय," बाई म्हणाल्या. "आधी माझी चूक झाली, तेही दिलंय."

त्याने नुसती मान हलवली. रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

बायकोचं कुणाकडेच लक्ष नव्हतं.

"परवा मी यांना सिलिंडर वर न्यायला लावला हो, ताई," ती म्हणाली. "तीन मजले. नाटकं करू नका म्हणाले मी."

तिने त्याच्या पाठीवर ठेवायला हात उचलला, आणि नेमकं कुठे दुखेल ते कळेना म्हणून तसाच अधांतरी धरून ठेवला.