ठिणगीबाई आणि न विरघळणारी भुकटी

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट रागाची आहे, आणि रागाची गोष्ट लांबून ऐकली की नुसता आवाज ऐकू येतो, आतला जीव कळत नाही. ऐका तर.

एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, म्हणून मुलांनी पाठीमागे नाव ठेवलं होतं, ठिणगीबाई. पण शिकवायच्या मात्र जीव ओतून. जुन्या प्रॅक्टिकलचा त्यांना मनस्वी तिटकारा. वर्षानुवर्षं तीच ब्युरेटची उभी काचनळी, तोच गुलाबी रंग आणि मागच्या वर्षीच्या मुलांकडून उतरवलेलं तेच उत्तर. त्यांनी अक्षरशः भांडून नवा प्रयोग आणला होता. कोळंबीच्या सालांपासून काढलेली कायटोसान नावाची भुकटी पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवायची. मधासारखं झालेलं ते द्रावण कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं, की त्याचे टपोरे मणी होतात आणि ते मणी पाण्यातला रंग शोषून घेतात. विभागप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, एकच अट घातली होती. अभ्यासक्रम कमिटीच्या बैठकीआधी मणी दाखवा, नाहीतर जुनं प्रॅक्टिकल आहेच.

आणि भुकटी काही विरघळेना!

बरं, न विरघळण्याची तऱ्हाही विचित्र. संध्याकाळी निघताना बीकरमध्ये सगळं कसं छान पातळ होत आलेलं असायचं. सकाळी बघावं तर ओल्या कापसासारखे गोळे, वर फेस. बाईंनी भुकटी विकणाऱ्याला फोनवर झाडलं, पाण्याला दोष दिला, ढवळणाऱ्या यंत्राला चापट मारली. बैठकीच्या दिवशी सकाळी पुन्हा तेच गोळे पाहिले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी हात लावला याला? तोंडं शिवलीत का तुमची?"

"मॅडम," मागून एक उंच पोरगा म्हणाला, "ती कोळंबी मेल्यावरसुद्धा तुम्हाला घाबरतेय. अंग चोरून बसलीय बघा."

वर्गाला हसू फुटायच्या आत बाईंनी त्याला दाराबाहेर काढलं. "आणि तिथेच उभा राहा!"

बाईंनी दातओठ खात काचेची कांडी बीकरमध्ये बुडवली आणि तिचं टोक आम्ल ओळखायच्या कागदपट्टीला टेकवलं. आम्ल असतं तर कागद लालसर व्हायचा. तो झाला हिरवट निळा. आत आम्ल उरलंच नव्हतं, सोडा होता. कुठल्याही सोड्यात गेलं की हे द्रावण पुन्हा घट्ट होतं, हाच तर प्रयोगाचा पुढचा भाग! म्हणजे पूर्वरंग रंगात यायच्या आतच रोज कुणीतरी उत्तररंग उरकून घरी जात होतं.

"यात सोडा कुणी टाकला?"

मग सिंकपाशी उभी असलेली एक मुलगी पुढे आली. पावलांचा आवाज न करता चालायची, म्हणून तिला सगळे मनी म्हणत.

"मी टाकला. रोज तुम्ही गेल्यावर मीच टाकते."

"का गं बाई? माझं वाटोळं करायचा विडा उचललायस का?"

"तुम्हीच सांगितलं होतं. शिपाईकाकांचा हात ॲसिडने भाजला तेव्हा. जायच्या आधी टेबलावरच्या प्रत्येक ॲसिडमध्ये खायचा सोडा टाकायचा, फसफस थांबेपर्यंत."

"अगं, ते टाकून द्यायच्या ॲसिडसाठी! एवढंही कळू नये? अक्कल काय गहाण ठेवून येतेस इथे?"

"कळलं होतं मला!" मनीचा आवाज एकदम चढला. वर्गानं तो कधी ऐकलाच नव्हता. "शंका आली म्हणूनच विचारायला आले होते. मी दारात असतानाच तुम्ही म्हणालात, सांगितलंय तेवढं कर, मूर्खासारखे प्रश्न विचारू नकोस. मग केलं सांगितलं तेवढं! आता का ओरडताय?"

बाईंचा राग तसाच होता, तापलेल्या तव्यासारखा. फक्त तो टाकायला समोर कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात मोठे सर दारात. "काय, झाले का मणी? की ब्युरेट लावायला सांगू?" बीकरकडे बघून ते हसले. "कुणाचा प्रताप हा?"

"माझा," बाई तुटकपणे म्हणाल्या. "चुकीचं सांगितलं मी. दुपारपर्यंत थांबा, अजून ॲसिड घातलं की विरघळेल."

"बैठक आत्ता आहे, मॅडम. कमिटीला काय, कापूस दाखवू? पुढच्या वर्षी बघू." आणि सर गेलेसुद्धा.

बाईंनी दार इतक्या जोरात ढकललं की काचा थरथरल्या. मग त्या वळल्या. ॲसिडची बाटली त्यांनी मनीच्या हातात दिली.

"घाल. आणि सांग, किती आणि का."

"थोडं थोडं," मनी अजून धुसफुसतच होती. "आधी सोडा मरेल, तोवर फेस येईल. मग कागद लाल झाला की थांबायचं. आणि मॅडम, एकदम ओतलं तर उतू जाणार नाही का?"

"जाईल," बाई म्हणाल्या. "बरोबर विचारलंस."

दुपार कलल्यावर द्रावण स्वच्छ झालं. मणीही पडले, एकसारखे, टपोरे. बघायला कमिटी नव्हती. बाहेर उभ्या केलेल्या पोरासकट सारा वर्ग मात्र टेबलाभोवती होता. बाईंच्या कपाळावरची शीर तेव्हाही उडत होती. सरांवरचा राग एक वेळ निवला असता, स्वतःवरचा कशात विरघळवायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं.

माझं एवढंच मागणं आहे. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्या मुलीलाही आठवा, जी विचारायला आली आणि दारातूनच परत गेली. तिचं खरं नाव मलाही माहीत नाही. मनी म्हणा. त्याला कळतं.