मिठाचं पाणी

अर्डेलियाने कोलार्डची पानं तिसऱ्यांदा पाण्यातून काढली. भांड्याच्या तळाशी अजून चिमूटभर वाळू दिसली, म्हणून तिने नळ पुन्हा सोडला. तेवढ्यात फोन वाजला. ओल्या बोटाच्या टोकाने तिने स्पीकर लावला आणि फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवला.

"मिस अर्डेलिया, मी जनेल बोलतेय, लसीच्या चाचणीवाली नर्स. बसलायत ना?"

"भाजी धुतेय गं. बोल तू."

"लस मंजूर झाली ना, म्हणून आता आम्ही प्रत्येकाला कळवतोय, त्याला काय टोचलं होतं ते. तुमचं मिठाचं पाणी होतं. दोन्ही वेळा. मंगळवारी सकाळी या. खरी लस राखून ठेवलीय तुमच्यासाठी."

भांडं भरून पाणी बाहेर वाहू लागलं.

"म्हणजे माझ्या अंगात काहीच नव्हतं?"

"काहीच नाही, मॅम. निम्म्या लोकांना पाणीच होतं. तुम्ही सही केलीत तेव्हा मी सांगितलं होतं बघा."

सांगितलं होतं खरं. अर्डेलियाने मानही डोलावली होती. एप्रिलमध्ये तिची धाकटी बहीण बर्निस या नव्या आजाराने गेली होती. शेवटचं बोलणं झालं ते कुणा अनोळखी नर्सने तिच्या कानाशी धरलेल्या फोनवर. पुरायला दहाच माणसं, तीही लांब लांब उभी. त्यानंतर चर्चमध्ये कुणीतरी आलं आणि म्हणालं, चाचणीसाठी वयस्क काळी माणसं मिळत नाहीत, कुणी तयार होत नाही. सगळे बुटांकडे बघत राहिले. अर्डेलिया तीन दिवस सकाळच्या प्रार्थनेत तेच विचारत राहिली आणि चौथ्या दिवशी जाऊन दंड पुढे केला.

मग रोज संध्याकाळी जिभेखाली थर्मामीटर. जनेलने दिलेली छोटी पट्टी दंडावर धरून लाली किती ते मोजायचं आणि फोनमध्ये भरायचं. ताप नाही. लाली शून्य. दुखणं शून्य. पहिल्या वेळी नाही, दुसऱ्या वेळीही नाही. दर बुधवारी उपास करणाऱ्या, पहाटे गुडघ्यांवर बसल्याशिवाय चहालाही न शिवणाऱ्या बाईला याचा अर्थ एकच लागला. देवाने हात धरला.

ऑक्टोबरच्या एका रविवारी तिने साक्ष दिली. चर्चचं दार बंदच होतं. माणसं पटांगणात आपापल्या गाड्यांत बसत, पास्टर पायरीवरून माईकवर बोलत, आवाज गाड्यांच्या रेडिओवर येई आणि 'आमेन' म्हणायच्या जागी लोक हॉर्न वाजवत. तिने माईक घेतला आणि म्हणाली, "दोनदा टोचून घेतलं. अंग कोमटसुद्धा झालं नाही. प्रभूने मला त्यातून अलगद नेलं." मग जे हॉर्न वाजले, ते रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावरचा माणूस बाहेर येईपर्यंत.

त्या साक्षीवर विसंबून बावीस जणांनी, लस आली की घ्यायची म्हणून, आपली नावं दिली होती. त्यात एक नाव तिच्या भावाचं, रॉस्कोचं होतं.

अर्डेलियाने नळ बंद केला. हात थंड पडले होते. पाण्यामुळे असेल, असं तिला वाटलं. पण टॉवेलने पुसून, काखेत धरूनही ते उबेनात. नोव्हेंबरात चर्चमधली ओपल खोकत पडली होती, तेव्हा आपण काय केलं ते तिला आता एकेक करून आठवू लागलं. दोन दिवस तिच्या उशाशी बसलो. तिचे केस धुतले. चष्म्यावर वाफ धरते म्हणून मास्क हनुवटीखाली ओढला. माझ्या अंगात लस आहे, मला काय होतंय. आणि तिथून थेट रॉस्कोकडे, त्याचे पाय बघायला. साखरेच्या आजाराने त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. छातीत तीस वर्षांची लोखंडाच्या ओतशाळेची धूळ.

पानं चिरून तिने भाजी शिजत लावली.

चार वाजता रॉस्को आला. पायऱ्या न चढता त्याने अंगणातली आपली खुर्ची ओढली. दोघांच्या खुर्च्यांमध्ये सहा फूट राहावेत म्हणून तिने एप्रिलपासून एक फुटकी कुंडी ठेवली होती.

"वळताना इंडिकेटर देत जा रे," ती सवयीने म्हणाली. "मागून कुणीतरी चेपेल एक दिवस."

"कुणाला द्यायचा? मी कुठे जातो ते सगळ्या गावाला ठाऊक आहे." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "भाजी झाली का? का फक्त वास घ्यायला बोलावलंस?"

"शिजतेय."

"हे बघ." त्याने कोटाची बटणं सोडली. आत अर्ध्या बाह्यांचा निळा सदरा होता, घडीच्या रेषा तशाच. "उद्याचा. चर्च सुटलं की उजवीकडे वळायचं, दहा मिनिटांत जत्रेचं मैदान. तिथे लस, बाराची वेळ दिलीय. बाही वर करायची कटकट नको."

"रॉस्को..."

"माहितीय, माहितीय. लस घेऊ नका म्हणून मीच बडबडत होतो." तो हसला आणि हसता हसता खोकला. अर्डेलियाने त्याचा खोकला संपेपर्यंत श्वास धरून ठेवला. "ऐक डेल. साधा पंपाचा नवा साचा बसवायला आम्हाला दीड वर्ष लागायचं. घाईत लोखंड ओतलं की आत पोकळी राहते. वरून गुळगुळीत, एकदम नवरीसारखं. ताण आला की फुटतं. आणि हे म्हणतात दहा महिन्यांत माणसाच्या अंगात घालायची वस्तू तयार! वर डॉक्टर सरकारी. मॅकन काउंटी काय लांब आहे इथून? चाळीस वर्षं तिथे सरकारी डॉक्टर आपल्या काळ्या माणसांचा गरमीचा रोग नुसता तपासत बसले, औषध हातात असून दिलं नाही. पपांच्या मावसभावाला त्यांनी फुकट जेवण घातलं आणि मेल्यावर चिरून बघितलं."

"मग जातोस कशाला?" तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला.

"कारण ते तू आधी घेतलंस, आणि फुटली नाहीस." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "आता आण भाजी. माझ्या लशीपेक्षा जास्त वेळ लावतेयस."

ती आत गेली. डबा भरला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आत्ता सांगितलं तर तो उद्या जाणार नाही. फेब्रुवारी चाललाय, चर्चमधली सात माणसं या आजाराने गेली, आठवं नाव कुणाचं असेल? नाही सांगितलं तर? कुणाचं काय बिघडतं? लस खरीच आहे, जनेल खोटं बोलणारी मुलगी नाही. एका दिवसाचा तर प्रश्न.

तिने डबा कुंडीवर ठेवला आणि मागे सरकली. रॉस्कोने तो उचलला, हुंगला आणि गेला. कोपऱ्यावर इंडिकेटर न देता वळला.

रविवारी पहाटे ती पलंगाशी गुडघे टेकून बसली. रोजचे शब्द आले नाहीत. बर्निसचा चेहरा आला, आणि दहा माणसं. उठताना एवढंच कळलं होतं, की जिथे देवाचं नाव घेऊन बोललो, तिथेच जाऊन बोलावं लागेल.

पटांगणात चाळीसेक गाड्या होत्या. काचांवर वाफ धरली होती. रॉस्कोची जुनी तपकिरी गाडी तिसऱ्या रांगेत, निळा सदरा काचेमागून दिसत होता.

"पास्टर, मला दोन मिनिटं हवीत," ती म्हणाली.

पास्टर विनफील्ड हसले. चर्चमधल्या सगळ्यांसाठी ती मदर टॉलिव्हर होती. "मदर टॉलिव्हर, तुम्हाला नाही कोण म्हणेल? आज बाराला आपले बावीस जण जायचे आहेत. द्या त्यांना धीर."

तिने माईक घेतला. दोनतीन हॉर्न आधीच वाजले, आपुलकीचे.

"ऑक्टोबरात मी इथे उभी राहून सांगितलं की प्रभूने मला अलगद नेलं," ती म्हणाली. "काल फोन आला. मला लस दिलीच नव्हती. मिठाचं पाणी होतं."

एकही हॉर्न वाजला नाही. पेट्रोल पंपावरच्या पाटीची साखळी वाऱ्याने हलत होती, ती ऐकू आली.

"म्हणून मला काही झालं नाही. मी खोटं बोलले नाही, पण जे सांगितलं ते खरंही नव्हतं. देवाच्या नावावर मी माझा अंदाज खपवला." तिने दोन्ही हातांनी माईक धरला. "मंगळवारी मी जाणार आहे. खरी घ्यायला. तेव्हा मला भीती वाटली नव्हती, आता वाटतेय. काल दुपारपासून माझे हात गार आहेत. त्या बाटलीत काय आहे ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. बर्निसला काय झालं तेवढं सांगू शकते, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. बस."

माईक परत घेताना पास्टरनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी शेवटची प्रार्थना घाईने म्हटली. आमेनला हॉर्न वाजले, पण थोडे, आणि एकदम नाहीत.

गाड्या नेहमीसारख्या रांगेने सुटू लागल्या. अर्डेलिया पायरीवरच उभी राहिली. पहिली मोझ्लींची गाडी. नवराबायको दोघांची नावं यादीत होती. ती फाटकाशी आली आणि डावीकडे, घराच्या बाजूला वळली. मागून ओपलचा मुलगा, आईला घेऊन. डावीकडे. ओपलने काचेतून हात केला की डोळे पुसले, ते कळलं नाही. त्यानंतरची गाडी उजवीकडे, मैदानाच्या दिशेने गेली. पुढच्या दोन डावीकडे. अर्डेलियाने कोटाच्या बाहीत हात ओढून घेतले.

तपकिरी गाडी फाटकाशी येऊन थांबली. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता. रॉस्कोने काच खाली केली नाही, मागे वळून बघितलं नाही. मागच्या गाडीने एकदा हलकेच हॉर्न दिला, तरी तो तसाच थांबून राहिला. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत होती.

मग गाडीच्या मागचा उजवा दिवा लुकलुकू लागला. तीस वर्षांत तिने तो पेटलेला कधी बघितला नव्हता. चालतो हेही तिला ठाऊक नव्हतं. गाडी उजवीकडे वळली, ओकच्या झाडांमागे गेली, आणि फांद्यांमधून दिसेनाशी होईपर्यंत तो दिवा लुकलुकतच होता. बंद करायचं त्याच्या ध्यानात राहिलं नसावं.

अर्डेलियाने बाहीतला हात वर सरकवून स्वतःचा दंड धरला, जिथे दोनदा सुई टोचली होती तिथे, आणि घट्ट धरून ठेवला.