दोघांत एक वॉकर

मी वॉकर बोलतोय. नावावर जाऊ नका. नावात चालणं असलं तरी या घरात आल्यावरचे पहिले सात महिने मी एका कोपऱ्यात उभं राहून टॉवेल वाळवले आहेत. एका बाजूला टॉवेल, दुसऱ्या बाजूला पायमोजे, आणि कधीकधी वर एक छत्री.

अंगाने मी ॲल्युमिनियमचा. चार पाय, पायांत काळे रबरी बूट, वर धरायला दोन मऊ मुठी. माझ्यातला थोडा धातू पूर्वी कुणाच्या तरी घरचं पातेलं होता, असं कारखान्यात ऐकलं होतं. असेलही. लवकर तापायची खोड मला तिथूनच लागली असावी.

तिथून मी औषधांच्या दुकानात आलो. वजनकाटा आणि कमोडची खुर्ची यांच्या मधोमध माझी जागा. एके दिवशी एक गोलमटोल गृहस्थ धापा टाकत आत आला. वय पन्नाशीच्या पुढे, धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि केसाएवढी चाकं चिमट्याने उचलायची, म्हणजे पायांना काम असं काहीच नाही. त्याने मला धरून दुकानात चार फेऱ्या मारल्या. गिऱ्हाईकं हसली. "ताईसाठी घेतोय," तो म्हणाला, "आधी मी पडून बघतो, मग ती." मला तो तेव्हाच आवडला. मी आणि कमोडची खुर्ची, आम्ही दोघं एकदमच त्याच्या घरी गेलो.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दोघंच राहायचे, दुसऱ्या मजल्यावर. ताईने छत्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका म्हणून काढली होती. ऑपरेशन झालेल्या कितीतरी लोकांना तिने दुसऱ्याच दिवशी पलंगावरून उठवलं होतं. "उठा, पाय शोभेला दिलेत का?" हे तिचं ठरलेलं वाक्य. तीच ताई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशन होऊन घरी आल्यावर उठायला तयार होईना.

हाड जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आता फक्त चालायचं. अशाच बसून राहिलात तर पायांतली ताकद जाईल, मग मात्र कायमची खुर्ची." ताईने हे सगळं शांतपणे ऐकलं, कारण हेच वाक्य तिने स्वतः हजारदा ऐकवलेलं होतं. मग ती म्हणाली, "उद्यापासून."

तो उद्या काही उजाडेना. कमोडची खुर्ची तिने पहिल्याच दिवशी पलंगाशेजारी लावून घेतली. कुठे जायचंच झालं तर भावाच्या खांद्याला धरून जायची. माझ्याकडे बघून मात्र म्हणायची, "तो सांगाडा नजरेसमोरून हलवा." म्हणून मी कोपऱ्यात गेलो, आणि रिकामी दांडी दिसली की माणसाचा हात ओला टॉवेल घेऊन तिकडे जातोच. मला राग यायचा. पण ताईचे हात मी बघायचो. पलंगाची कड ती इतकी घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची. सगळ्यांना उठवणारी ही बाई भ्यायली होती, आणि ते कुणाला सांगायची तिला चोरी होती.

इकडे घड्याळजीने भलतंच काढलं. तो पळायला लागला. आधी चौकापर्यंत, मग बागेला एक फेरी, मग दहा किलोमीटर. घरी आला की घामाने थबथबलेला बनियन माझ्यावरच. ताई म्हणायची, "ढब्बू, या वयात कसली ही थेरं?" ढब्बू हे त्याचं लहानपणीचं नाव. पोट उतरलं तरी नाव काही उतरलं नाही. तो म्हणायचा, "वजन कमी करतोय गं." आणि एक दिवस त्याने जाहीर केलं की मॅरेथॉनला नाव दिलं आहे, पुरती बेचाळीस किलोमीटर.

"आणि वाटेत पडलास तर?"

"तर तुझं वाक्य आठवेन. पाय शोभेला दिलेत का?"



शर्यत मी पाहिलेली नाही, त्याने ताईला सांगितलं तेवढंच मला ठाऊक. वडिलांचं किल्लीचं घड्याळ घालून गेला आणि नेमकी त्यालाच किल्ली द्यायला विसरला. अर्ध्या वाटेत घड्याळजीचं घड्याळ बंद! तिसाव्या किलोमीटरनंतर पाय आपले राहिले नाहीत. पदपथावर बसला, रडला, एका अनोळखी बाईने दिलेलं केळं खाल्लं, आणि उठून पुन्हा निघाला. सहा तासांना नऊ मिनिटं कमी असताना पोहोचला. दुपारी बरोबरच्या एकाने त्याला घरी आणून सोडलं. गळ्यात पदक, चेहऱ्यावर मीठ वाळलेलं, आणि चाल अशी की पायांखाली अंडी अंथरली आहेत.

मॅरेथॉन पळणाऱ्याला पळायचं कसं ते शंभर लोक सांगतात. त्यानंतर बसायचं कसं ते एकजण सांगेल तर शपथ. हा शहाणा कोमट पाण्याची बादली घेऊन न्हाणीघरातल्या वीतभर उंचीच्या स्टुलावर बसला. अंघोळ झाली, कपडे चढवले, आणि उठायला गेला तर उठवेना. पोटरीत गोळा आला. तो ओरडला, "ताई! अगं ताई!"

घरात दुसरं कोणी नव्हतं. ताईने खिडकीतून शेजाऱ्यांना हाक मारली, पण कुणी ओ दिली नाही. आतून पुन्हा आवाज आला, या वेळी नुसतंच "आई गं."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. पलंगाच्या कडेकडेने सरकत ती टोकाशी आली, हात लांबवून मला ओढलं, आणि टॉवेल, पायमोजे, छत्री, सगळं एका झटक्यात जमिनीवर गेलं. तिच्या हातांचं वजन माझ्यावर पडलं. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर भार टाकत होतं. मला काय वाटलं ते नेमकं सांगता यायचं नाही, पण माझे चारही पाय घट्ट रोवले गेले एवढं खरं.

चौदा पावलं. ती पूर्ण वाट बडबडत आली. "गाढवा, इतक्या खाली बसतात का? कुणी सांगितलं होतं?" दाराला कडी लावलेली नव्हती. ती पडली त्या दिवसापासून त्या घरात कुणी कडी लावत नसे.

"तळवा भिंतीला टेकव. गुडघा सरळ. आता दाब. दाब म्हणते ना!" तिला वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच हुकूम. हळूहळू गोळा सुटला. त्याने उठायला मला पकडून ओढलं, मी कलंडलो, तशी ती कडाडली, "ओढू नकोस! त्याला ओढायचं नसतं, खाली दाबायचं असतं!" मग तो रांगत गुडघ्यांवर आला. ती एका बाजूने माझ्यावर रेलली, तो दुसऱ्या बाजूने हात रोवून उठला. दोघं समोरासमोर, मध्ये मी.

"आता परत कोण कसं जाणार?" तो म्हणाला.

ताईला हसू आलं. इतकं आलं की ती हसता हसता रडायलाच लागली.

मग घराचा वॉर्ड झाला. मीठ-साखरेचं पाणी, उशीवर पाय, काळ्या पडलेल्या नखाला हात लावायचा नाही, आणि दर दोन तासांनी खोलीत फेरी. आधी तो मला घेऊन जायचा, मग ती. "माझा वॉकर आण इकडे," ती म्हणायची. माझा, असं म्हणायची!

दुसऱ्या संध्याकाळी तिने विचारलं, "खरं सांग, पळायला का लागलास?"

तो काळ्या नखाकडे बघत म्हणाला, "तू पडलीस तेव्हा रुग्णवाहिकेला गल्ली सापडेना. मी चौकापर्यंत धावत गेलो. वाटेत दोनदा थांबलो ताई, दम लागला म्हणून. तू फरशीवर होतीस आणि मी खांबाला धरून उभा होतो."

ताईने त्याचं डोकं जवळ घेतलं. "वेडा आहेस," एवढंच म्हणाली.

आता एक गुपित. चौथ्या दिवसापासून त्याच्या हातांचा भार माझ्यावर पडेनासा झाला. मुठी धरायचा, कण्हायचा, पण वजन शून्य. पाय केव्हाच बरे झाले होते. दुकान उघडलं तरी घरी आला की सुरू, "ताई, पाय धरला गं!" कधी स्वयंपाकघरातून, कधी गॅलरीच्या दारातून. हाक रोज थोडी लांबून यायची, आणि ताई मला घेऊन रोज तेवढी लांब जायची.

तिसऱ्या आठवड्यात हाक घराबाहेरून आली. ताई उंबऱ्याशी थबकली. इतक्या महिन्यांत तिने तो ओलांडला नव्हता. मग आधी मला पलीकडे ठेवलं, आणि मागून स्वतः आली. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून डावी पोटरी चोळत होता.

"काल उजवी होती," ताई म्हणाली.

त्याचा हात थांबला. "तुला कधी कळलं?"

"चौथ्या दिवशी. छत्तीस वर्षं नाटकी पेशंट बघितलेत मी."

"मग येत का होतीस?"

"तू हाक मारत होतास ना."

तो उठला. ताईने एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा त्याच्या हातात दिला, आणि दोघं एकेक पायरी उतरायला लागले. जिन्यावर माझा उपयोग नाही, म्हणून मी वरच थांबलो. अजून इथेच उभा आहे. खालून दोघांच्या भांडणाचा आवाज येतोय, म्हणजे सुखरूप पोहोचलेत.

तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात उभा असेल. एवढं करा, त्याच्या अंगावरचे टॉवेल काढून घ्या. आणि मग शेजारच्या खोलीत जाऊन आपल्या माणसाला हाक मारा.