घरगुती कारण

“घरगुती म्हंजे काय झालतं नेमकं?” दुकानाचा मालक दौलतसिंगने राजीनाम्याचा कागद हातात धरून इंद्रभानला विचारलं.

रिसोड रस्त्यावरच्या या खत-बियाण्यांच्या दुकानाला गोदाम सांभाळणारा माणूस हवा होता. इंद्रभानचं सारं वय डाळमिलचं गोदाम सांभाळण्यात गेलेलं. माणूस आणि काम जणू एकमेकांसाठीच जन्मले होते. अडचण होती ती राजीनाम्यातल्या दोन शब्दांची, आणि ते शब्दही त्याचे नव्हते. मिलच्या म्हाताऱ्या शेठच्या पुतण्याला, वीरेंद्रला, गोदामात आपला माणूस बसवायचा होता. त्याने इंद्रभानला आयुष्यात पहिल्यांदा केबिनमध्ये खुर्ची दिली, चहा पाजला. “काका, काढून टाकलं असं झालं तर इज्जत जाते. तुम्हीच राजीनामा द्या. कारण लिहा, घरगुती.” मग शाल-श्रीफळ देऊन निरोप समारंभ केला. भाषण करताना वीरेंद्रचे डोळे पाणावले. डाळमिलमध्ये धूळ फार उडते.

केनवडला घरी बायकोने, पंचफुलाने, शाल उलटून पालटून पाहिली. “घरात तुमी न मी. पोरगा पुण्याले. मंग घरगुती कारन कोन? मीच ना?”

“अवो, लिहायची रीत हाय ते.”

“रीत असन. पन मले इचारलं तं असतं.”

त्यानंतर इंद्रभान दोन दुकानांत जाऊन आला. पहिल्या ठिकाणी त्याने खरं सांगितलं, “मले काढलं.” मालक म्हणाला, “उगाच कोनी काढते का?” दुसऱ्या ठिकाणी घरगुती कारण सांगितलं, तर मुनीम सगळ्यांदेखत म्हणाला, “काहून? बायको पळाली का?”

आता तिसरा मालक समोर बसला होता.

“बायको बिमार होती, भाऊ,” इंद्रभान म्हणाला. “छातीचं होतं.”

दौलतसिंगने कागद घडी घालून परत दिला. “माही बी बिमारच होती,” तो म्हणाला. “मी इथं दुकानात बसून युरिया इकत होतो. ते तिकडं गेली. तुवा नोकरी सोडली बायकोसाठी. उद्यापासून ये.”

नोकरी मिळाल्याचा आनंद इंद्रभानला घरापर्यंत काही आणता आला नाही.

पंचफुलाला कधी साधी सर्दी झाल्याचंही शेजाऱ्यांच्या ऐकिवात नव्हतं. सगळं ऐकून ती आधी खूप हसली. मग म्हणाली, “छातीचं काहून सांगतलं? गुडघ्याचं सांगतलं असतं तं बसल्या जागी निभलं असतं.”

आठवड्याने ती घराच्या टिनावर चढून पत्रा ठोकत होती, तेव्हा दौलतसिंगची मोटारसायकल गल्लीत वळताना तिला वरूनच दिसली. मागे इंद्रभान, त्याच्या हातात सफरचंदांची पिशवी. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोण येतं! पंचफुला मागच्या बाजूने खाली उतरली, डोक्याला फडकं बांधलं आणि गोधडीत शिरली.

“वहिनी, दवाई टाळू नका,” दौलतसिंग खाटेजवळ बसून म्हणाला. “आमच्या घरचीनं टाळली. मी बी ध्यान नाई देल्लं.”

पंचफुला खोकली. इतकी मनापासून खोकली, की इंद्रभानला खरीच काळजी वाटली.

पाहुणा गेल्यावर तिने एक सफरचंद चावलं. “फळं चांगले हायेत. मानूस बी चांगला हाय,” ती म्हणाली. “त्याचंच वाईट वाटून राह्यलं.”

“सांगून टाकतो मी त्याले.”

“अन् नोकरी गेली तं? पुढच्या शेठले काय सांगसान? बायको मेली म्हून?”

तरीही दुसऱ्या दिवशी इंद्रभान सांगायच्या तयारीने दुकानात गेला. दौलतसिंग एका गिऱ्हाइकाला म्हणत होता, “ह्या मानसाले पाय. बायकोपायी नोकरी सोडली यानं.” गिऱ्हाइकाने वळून इंद्रभानकडे आदराने पाहिलं. इंद्रभान खाली मान घालून पोती मोजायला गेला. त्यालाही लोक नम्रपणा म्हणाले.

मग सोयाबीन सोंगणीला, कापणीला आलं.

सोंगणीला केनवडहून बायांची टोळी निघायची आणि टोळीच्या पुढे पंचफुला असायची. पात धरली की तिच्या मागे राहणारीला बोलणी बसायची. आणि टोळीचं पहिलं वावर दर साली दौलतसिंगचं. त्याचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी देवला, बाया ठरवायचा, त्यामुळे मालकाने पंचफुलाला आजवर कधी निरखून पाहिलं नव्हतं. आता मात्र तो तिला चांगला ओळखत होता.

सकाळी दारासमोर ऑटो थांबला. आत बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. बेबीबाईने हाक मारली, “पंचफुला! चाल ना वो! तुह्याबिगर टोळी कोन सांभाळन?”

“तुमी व्हा पुढं. मले बरं नाई.”

“तुले?” बेबीबाई खालीच उतरली. “तुले काय झालं?”

डबा घेऊन निघालेला इंद्रभान दारातच थबकला. पंचफुलाने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“घरगुती हाय,” ती म्हणाली.

मग आत गेली आणि आदल्या दिवशी पाजळून ठेवलेला आपला विळा आणून तिने बेबीबाईच्या हातात दिला. “ने. मूठ जराशी ढिली हाय. सांभाळून.”

ऑटो निघाला. आतल्या बायांचं हसणं रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू आलं. याच रस्त्याने थोड्या वेळात दौलतसिंग वावरात जाणार होता. पंचफुलाने ट्रंकेतली शाल काढली, निरोप समारंभातली, आणि पांघरून ओट्यावर बसली. ऊन चांगलं तापलं होतं.

वळणावर इंद्रभानने मागे पाहिलं. पंचफुला टोळी गेली त्या दिशेला बघत होती. उजवा हात मांडीवर होता आणि विळा धरल्यासारखी त्या हाताची मूठ अजून सुटली नव्हती.