तिच्या बाजूचा ब्रेक

"पायी चालणारा आधी, आपण मागून. त्याच्या पायात चप्पल असते बाई, आपल्या पायाखाली इंजिन!"

दादाचा तो आवाज तिच्या कानात कधीचा घर करून होता. बापाच्या मायेनं वाढवलेल्या बहिणीला त्यानंच गाडी शिकवली. आता ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये इतरांना शिकवायची. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक असे. दादाच्या व्हॅनमध्ये तो कुठला? तरी सकाळी त्याच्याशेजारी बसलं की तिचा पाय आपसूक चटईत रुते. आताशा जास्तच.

"मास्तरीणबाई, भोक पाडाल माझ्या चटईला!" दादा हसायचा.

तीही हसायची. ओठांवर आलेलं गिळायची. तिला कामावर सोडून तो शाळेची पोरं आणायला जायचा, आणि तिचा जीव दिवसभर त्या व्हॅनमागे धावायचा.

आज बाजारापुढच्या पांढऱ्या पट्ट्यांवर एक म्हातारी निघाली होती. काखेत पिशवी, हात वर. जणू तळहातानंच रहदारी थोपवणार. व्हॅनचा वेग काही कमी होईना.

"दादा!"

टायर किंचाळले. म्हातारी हातभर अंतरावर थिजलेली, कांदे रस्ताभर.

"डोळे फुटले का रे मेल्या?"

"अहो आजी, तुम्हीच मध्ये आलात की!"

ती उतरली. कांदे वेचले, म्हातारीला हाताला धरून पलीकडे पोचवलं आणि येऊन दादाच्या दाराशी उभी राहिली. मागे हॉर्नचा कल्लोळ.

"बस लवकर. पोरं खोळंबतील."

"सरक."

"अगं, पण..."

"सरक म्हटलं ना."

दादा पुटपुटत पलीकडे सरकला. तिनं गाडी हाकली. पुढच्या पट्ट्यांशी कडेवर लेकरू घेतलेली एक बाई थबकली होती. ती ब्रेक दाबणारच होती, एवढ्यात शेजारी चटई करकरली. दादाचा पाय तिच्या टाचेनं झिजवलेल्या खळगीत घट्ट दाबलेला होता.

बाई सावकाश रस्ता ओलांडून गेली.

"आजच्या दिवस आण तू पोरं," दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "उद्या मी..."

"नाही दादा." तिनं हँडब्रेक ओढला आणि त्याच्याकडे वळली. "तुला आता नीट दिसत नाही. डोळे दाखवून येईपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील."